देवाचे प्रतिरूप आणि रोर्क्स ड्रिफ्टची चित्रशाळा

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायानुसार मनुष्य हे देवाचे प्रतिरूप आहे. आणि हे प्रतिरूप कोणाकोणात आहे, तर नरात आणि नारीतही, असे तीच ओळ पुढे सांगते. ख्रिस्ती धर्मात माणसाच्या प्रतिष्ठेविषयी जे काही बोलले जाते, त्याचा पाया ही एक ओळ आहे. तिच्यात वंशाचा उल्लेख नाही, म्हणजे कोणताही वंश बाहेर ठेवलेला नाही. स्त्रीचा उल्लेख मात्र मुद्दाम केलेला आहे. तरीही ही ओळ शतकानुशतके वाचणाऱ्या समाजांनी प्रतिरूपाचे वाटे घातले: कोणाला पूर्ण, कोणाला अर्धे, कोणाला नावापुरते. ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आले, त्यांनीच देवाचे आणि माणसाचे चित्र काढायला घेतले तर काय घडते, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे तसाच सौंदर्यशास्त्राचाही. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात, रोर्क्स ड्रिफ्ट नावाच्या खेड्यातील मिशनच्या चित्रशाळेत, तो सुमारे वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या हातून लिनोलियमवर कोरला जात होता.

वर्णभेदाच्या कायद्यांना त्या देशात धर्मशास्त्राचा टेकू होता. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या धर्मसभेने काही सभासदांच्या दुर्बलतेचे कारण देऊन, काळ्या ख्रिस्ती लोकांची उपासना वेगळी घेण्यास परवानगी दिली. सभेने याला आदर्श मानले नव्हते. ती एक सवलत होती. पुढच्या शंभर वर्षांत सवलतीचा नियम झाला आणि नियमाचे तत्त्व झाले. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट पुढे करून असे शिकवले गेले की भाषा आणि लोकसमूह वेगळे राहावेत, ही देवाचीच इच्छा. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने मिशनच्या शाळांवर सरकारचा ताबा आला. काळ्या मुलाला मजुरीच्या ठरावीक पायरीपलीकडचे शिक्षण देण्यात अर्थ नाही, अशी खात्याचे मंत्री हेंड्रिक फेरवूर्ट यांची उघड भूमिका होती. १९५९ च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे काळ्या विद्यार्थ्यांना जवळजवळ बंद झाली. चित्रकला शिकायची तर जोहान्सबर्गचे पॉली स्ट्रीट केंद्र, शिक्षकांसाठी एन्डालेनी, आणि रोर्क्स ड्रिफ्ट, अशा बोटांवर मोजण्याइतक्याच जागा उरल्या.

‘ड्रिफ्ट’ म्हणजे नदीचा उतार. बफेलो नदीच्या या उताराजवळ जिम रोर्क या व्यापाऱ्याचे ठाणे होते. झुलू लोक त्या जागेला क्वाजिमू, म्हणजे जिमचे ठिकाण, म्हणत. पुढे तिथे स्वीडिश मिशन आले. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा मोठा पराभव केला आणि त्याच दिवशी दुपारनंतर रोर्क्स ड्रिफ्टच्या मिशन ठाण्यावर लढाई झाली. दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी ते ठाणे राखले आणि त्यांतील अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी इतिहासात हे नाव शौर्याचे म्हणून कोरले गेले. पडलेल्या झुलू सैनिकांची नावे त्या इतिहासात नाहीत. शंभर वर्षांनी याच ठिकाणी शिकून गेलेल्या जॉन मुआफांगेजो याने १९८१ मध्ये त्या लढाईचा लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला छाप, केला. जिथे एका बाजूचीच गोष्ट सांगितली गेली होती, तिथल्या विद्यार्थ्याने ती पुन्हा सांगायला घेतली, एवढी नोंद त्या चित्राचे वजन समजायला पुरेशी आहे.

शाळेची सुरुवात चित्रशाळा म्हणून झालीच नव्हती. १९६० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या चर्चने पेडर आणि उल्ला गोवेनियस या तरुण कलाशिक्षक दांपत्याला पाठवले. त्यांनी सेझा येथील मिशनच्या इस्पितळात स्त्रियांना हस्तकलेचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, म्हणजे त्या पुढे रुग्णांना शिकवतील. क्षयाच्या रुग्णांना महिनोन्‌महिने पडून राहावे लागे. हाताला काम हा उपचाराचाच भाग होता. त्या रुग्णांत अझारिया म्बाथा हा १९४१ साली जन्मलेला तरुण होता. तो तिथे लिनोकट शिकला. पुढे केंद्र रोर्क्स ड्रिफ्टला हलले, स्त्रियांचे माग उभे राहिले, आणि १९६८ मध्ये ललितकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

हे काम स्वीडनच्या ल्यूथरन मिशनमध्येच का रुजले, याचे एक कारण चारशे वर्षे जुने आहे. मूर्ती करू नये या आज्ञेवरून १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये चर्चमधील प्रतिमा फोडण्याची लाट उठली, तेव्हा मार्टिन ल्यूथर परत आला आणि सलग आठ दिवस प्रवचने देऊन त्याने ती थांबवली. त्याचे म्हणणे असे की प्रतिमा स्वतः ना तारते ना बुडवते. माणूस तिच्यापुढे काय करतो ते महत्त्वाचे. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या शेवटी, प्रकटीकरणाच्या पुस्तकासोबत, लुकास क्रानाखच्या कार्यशाळेतील लाकडी ठशांची चित्रे होती. कॅल्व्हिनच्या परंपरेने मात्र भिंती पांढऱ्या ठेवल्या, आणि दक्षिण आफ्रिकेतील सत्ताधाऱ्यांचे डच रिफॉर्म्ड चर्च त्या परंपरेतले होते. रोर्क्स ड्रिफ्टच्या विद्यार्थ्याने बायबलचा प्रसंग कोरायला घेतला तेव्हा तो क्रानाखचेच काम पुढे नेत होता. म्बाथानेही प्रकटीकरणाचा विषय हाताळला आहे.

लिनोकटचे तंत्र इथे बारकाईने पाहायला हवे, कारण विचार त्यात दडलेला आहे. जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा स्वस्त असतो. कोरणी, शाई आणि रूळ एवढे साहित्य पुरते. जिथे कोरणी चालते तिथे शाई लागत नाही आणि कागदावर पांढरे उमटते. जे न कोरता राखले जाते ते काळे उमटते. म्हणजे काळा हा इथे भरलेला रंग नसून मूळ पृष्ठभाग आहे. पांढरे हे त्यातून काढून टाकलेले. शिवाय छाप उलटा पडतो, त्यामुळे कोरणाऱ्याला सारे आरशातल्यासारखे धरून चालावे लागते. मिशनच्या शाळांतील रंगीत चित्रांत प्रकाश आणि पांढरेपणा एक होते. देवदूत पांढरा, पाप काळे. लिनोकटमध्ये हे समीकरण हातातच बदलते. काळ्या चेहऱ्याला काळे ठेवण्यासाठी कोरणाऱ्याला काही करावे लागत नाही. तो चेहरा तसाच राखायचा असतो.

म्बाथाने बायबलच्या गोष्टी एकाखाली एक पट्ट्यांत मांडल्या. योसेफाला भावांनी विकले, परक्या देशात तो गुलाम झाला, तुरुंगात पडला आणि अखेर ज्यांनी विकले त्यांनाच त्याने धान्य दिले. ही सारी माणसे त्याच्या ठशांत आफ्रिकी आहेत. मोशेची गोष्ट, दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट, डोंगरावरील प्रवचन, हे विषयही त्याच रीतीने आले. त्या काळच्या नाताळमध्ये फारो कोण आणि गल्याथ कोण, हे पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते. वरवर पाहता हे रविवारच्या शाळेतले चित्र होते आणि सरकारी परीक्षकाला त्यात आक्षेपार्ह असे सहज बोट ठेवता येत नव्हते; आतून पाहता तो निर्गमाचा नवा अर्थ होता. ज्यांना धर्मशास्त्राच्या विद्यापीठात बसू दिले नाही, त्यांनी शास्त्राचे भाष्य असे लिहिले. म्बाथा पुढे स्वीडनमध्ये स्थायिक झाला आणि २०१८ मध्ये वारला.

या रीतीवर एक जुना आणि दमदार आक्षेप आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ झेनोफानिस याने म्हटले होते की इथिओपियन आपले देव काळे कल्पितात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे. बैलाघोड्यांना हात असते तर त्यांनीही आपल्यासारखेच देव काढले असते. मग गोऱ्या ख्रिस्ताच्या जागी काळा ख्रिस्त आणून काय साधले? एक आरसा काढून दुसरा टांगला, इतकेच ना?

हा आक्षेप सगळे आरसे सारख्या उंचीवर टांगलेले आहेत असे गृहीत धरतो, आणि तिथेच तो फसतो. झुलूंच्या देशात गोरा ख्रिस्त कायदा, ये-जा करण्याचा पास, जमीन आणि पगार ठरवणाऱ्यांच्या हातातून आला होता. त्याचे गोरेपण सार्वत्रिक मानले जाई आणि इतर सर्व रंग स्थानिक. काळ्या ख्रिस्ताने सर्वप्रथम हे उघड केले की गोरा ख्रिस्तही एका विशिष्ट लोकांनी काढलेलाच आहे. झेनोफानिसचा प्रश्न गोऱ्या प्रतिमेला तोपर्यंत क्वचितच विचारला गेला होता. तो या विद्यार्थ्यांनी विचारला. अमेरिकेतील जेम्स कोन यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथापासून याला तात्त्विक रूप दिले. त्यांच्या मते ख्रिस्त काळा आहे याचा रोख कातडीच्या रंगापेक्षा तो कोणाच्या बाजूला उभा आहे यावर आहे. वधस्तंभावर माणसाला कोण चढवतो आणि कोण चढतो, या प्रश्नाला प्रत्येक काळात एक ठाम उत्तर असते.

हे उत्तर सत्तेला किती झोंबते, याचा पुरावा केपटाऊनमध्ये मिळाला. १९६२ मध्ये रोनाल्ड हॅरिसन या बावीस वर्षांच्या तरुणाने वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या जागी अल्बर्ट लुथुली यांना रंगवले. लुथुली हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष. १९६० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले होते. रोमन शिपायांना त्याने फेरवूर्ट आणि मंत्री जॉन फोर्स्टर यांचे चेहरे दिले. चित्र एका अँग्लिकन चर्चमध्ये लावले गेले. सरकारने त्यावर बंदी घातली, हॅरिसनला पकडले आणि त्याचा छळ केला. चित्र चोरून ब्रिटनला पोचवावे लागले. ते १९९७ मध्ये परत आले. त्यानंतरच्या पिढीत, काळ्या आत्मभानाची चळवळ जोरात असताना, रोर्क्स ड्रिफ्टचा विद्यार्थी सोखाया चार्ल्स न्कोसी याने १९७६ मध्ये क्रूसारोहणाची लिनोकट मालिका केली. ते सोवेटोच्या विद्यार्थ्यांच्या उठावाचे वर्ष होते. म्बाथाच्या पट्ट्यांतली सावध गोष्ट इथे सरळ देहापाशी येऊन थांबते.

आता प्रश्न येतो तो अशा चित्रांच्या ज्ञानमूल्याचा. अन्यायाविषयी विद्यार्थ्याचे चित्र नेमके काय सांगते, जे कायद्याचे पुस्तक किंवा जनगणनेचा आकडा सांगत नाही? इंग्रज तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात ज्ञानविषयक अन्यायाची कल्पना मांडली. तिचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. एकात माणूस कोण आहे यावरून त्याच्या बोलण्याची किंमत कमी धरली जाते. काळ्या स्त्रीची साक्ष न्यायाधीशाला हलकी वाटते. दुसरा अधिक खोल आहे: सोसणाऱ्याजवळ आपला अनुभव मांडायला शब्दच नसतात, कारण समाजाची शब्दसंपत्ती ज्यांनी घडवली त्यांना तो अनुभव कधी आलाच नाही. रोर्क्स ड्रिफ्टच्या चित्रांचे मोल या दुसऱ्या प्रकारात आहे. मुआफांगेजोने १९७३ मध्ये यहूदाच्या विश्वासघातावर लिनोकट केला आणि शीर्षकात किंमत लिहिली ती तीन रँड. चांदीची तीस नाणी ही जुनी आणि दूरची रक्कम होती. रँड हे मजुराच्या खिशातले नाणे. त्या एका आकड्याने विश्वासघात आठवड्याच्या हिशेबात येऊन बसतो. आपल्या चित्रांत इंग्रजी वाक्येही कोरण्याची त्याची सवय होती, आणि ती इंग्रजी शाळेतल्यासारखी गुळगुळीत नव्हती. कलेच्या अभ्यासकांनी त्यात भाबडेपणा पाहिला. पण उलट्या अक्षरांत, परक्या भाषेत, एकेक अक्षर कोरून काढणाऱ्याला आपले म्हणणे किती निकडीचे वाटत होते, तेच त्यात दिसते.

साक्ष म्हणून चित्राला मान दिला की एक धोका लगेच उभा राहतो. शिक्षकाने विद्यार्थ्याला ‘तुझे दुःख काढ’ असे सांगावे का? रोर्क्स ड्रिफ्टची चित्रे विकत घेणारे बहुतेक गोरे होते, स्वीडनमधले आणि दक्षिण आफ्रिकेतलेही. त्यांना काय आवडते हे विद्यार्थ्यांना कळत होते. अस्सल आफ्रिकी, साधे, सोसणारे असे काही हवे असेल तर तेच पुन्हा पुन्हा निघू लागते आणि साक्षीची सरावाने नक्कल होते. गोवेनियस दांपत्याचा हेतू चांगला होता, पण अस्सल काय हे ठरवणारी नजर बाहेरची होती, हे नाकारता येत नाही.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण तेरेझिनचे आहे. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या त्या गावात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती डिसेंबर १९४२ मध्ये आली आणि मुलांना चोरून चित्रकला शिकवू लागली. तिने त्यांना छावणीची भीती रंगवायला सांगितले नाही. लय, पोत, रंगांचे नाते, जुन्या चित्रांच्या आकृत्या, असे बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेले धडे तिने दिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. तत्पूर्वी दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत फुलपाखरे आहेत, घरे आहेत, जेवणाची टेबले आहेत. कुठे कुठे पहारेकरीही आहेत. मुलाला पूर्ण माणूस म्हणून पाहण्याची क्षमता परत देणे हेच तिने शिक्षणाचे काम मानले. अन्याय त्यात आला तर तो मुलाच्या इच्छेने आला. रोर्क्स ड्रिफ्टच्या उत्तम कामांतही हेच दिसते. म्बाथाला कोणी वर्णभेदावर चित्र काढायला सांगितले नव्हते. त्याला योसेफाची गोष्ट सांगायची होती, आणि ती खरी सांगायची तर योसेफ त्याच्यासारखाच दिसणे भाग होते.

उत्पत्तीच्या ओळीचा दुसरा अर्धा भाग, नर आणि नारी, मात्र या शाळेत बराच काळ मागे राहिला. ज्या चर्चने गोवेनियस दांपत्याला पाठवले त्याच स्वीडिश चर्चने १९६० मध्ये पहिल्या तीन स्त्रियांना दीक्षा देऊन पाळक केले होते. म्हणजे प्रश्न माहीत नव्हता असे नाही. केंद्रात स्त्रियांची संख्याही मोठी होती. पण ठसे कोरणारे आणि नावाने ओळखले जाणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि मागावर बसणाऱ्या स्त्रिया. विणकामाचा माग स्वीडनहून आला होता आणि तिथेही तो बायकांचाच समजला जाई. ललितकला आणि हस्तकला यांची फारकत अठराव्या शतकातील युरोपने केली. ती आफ्रिकेत आली तेव्हा स्त्री-पुरुषांच्या कामाच्या वाटणीवर अचूक बसली. खुद्द बाउहाउसनेही समतेची भाषा बोलत बहुसंख्य विद्यार्थिनींना विणकामाकडे वळवले होते.

या वाटणीमागे शास्त्रार्थही आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल पुरुषाला देवाचे प्रतिरूप आणि स्त्रीला पुरुषाचे वैभव म्हणतो. ऑगस्टीनने यावरून असे मांडले की स्त्री सहायक म्हणून एकटी पाहिली तर ती प्रतिरूप नव्हे, पुरुषाबरोबर मिळूनच ती प्रतिरूप होते. नाताळमध्ये या अर्ध्या प्रतिरूपाला कायद्याची जोड होती. १८९१ च्या नाताळ संहितेनुसार काळी स्त्री वयाने कितीही मोठी झाली तरी कायद्याने अज्ञानच राही. बापाच्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पालकत्वाखाली. पुरुष खाणींत आणि शहरांत गेलेले, घर चालवणारी ती, आणि सही मात्र दुसऱ्याची. पासची सक्ती स्त्रियांवर आली तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या होत्या. तरीही रोर्क्स ड्रिफ्टच्या मागावर बसणाऱ्या बाईला हातात येणारी मजुरी हीच बहुधा पहिली स्वतःची कमाई होती, आणि ती क्षुल्लक मानू नये.

त्या स्त्रियांच्या कामाकडे चित्र म्हणून पाहिले तर वेगळेच काही लक्षात येते. त्या आधी काढलेल्या नकाशावरून विणत नसत. गोष्ट विणता विणताच ठरे. मागावर पट गुंडाळत जातो, त्यामुळे विणलेले काम कापून उतरवेपर्यंत अखंड दिसत नाही. जे दिसत नाही ते मनात धरून, आधीच्या भागावर विश्वास ठेवून पुढे विणायचे. अॅलिना एन्डेबेले हिच्यासारख्या मोजक्या विणकर पुढे आपल्या नावाने ओळखल्या गेल्या. तिने नंतर स्वतःची कार्यशाळा काढली आणि आजीकडून ऐकलेल्या झुलू कथा पटांवर आणल्या. बाकीच्यांना आपापल्या नावाचे प्रदर्शन फारसे मिळाले नाही. काळ्या ख्रिस्ताने गोऱ्या प्रतिमेला जो प्रश्न विचारला, तोच या मागांनी काळ्या ख्रिस्ताच्या शाळेला विचारला आहे.

कोरणी हाती घेतलेल्या थोड्या विद्यार्थिनींपैकी एक बोंगी धलोमो. तिने १९७८-७९ मध्ये तिथे शिक्षण घेतले. १९८२ मध्ये तिने सक्तीच्या स्थलांतरावर लिनोकटची मालिका केली. १९६० ते १९८३ या काळात सुमारे पस्तीस लाख लोकांना त्यांच्या घरांतून उठवून दुसरीकडे टाकण्यात आले. घर मोडते तेव्हा पुरुष बहुधा कामावर दूर असे. भांडी, गाठोडी आणि मुले घेऊन उभी राहणारी ती बाई असे. इथे बायबलचा पडदा उरलेला नाही. म्बाथाला जे सांगायला योसेफ लागला, ते धलोमो उघड सांगते, आणि वंशाचा आणि स्त्रीचा प्रश्न वेगळे करून दाखवण्याची तिला गरज पडत नाही, कारण त्या घरात ते वेगळे नव्हतेच.

चर्चच्या परिषदाही हळूहळू त्याच जागी आल्या. १९७७ मध्ये दार-एस-सलाम येथे ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशनने ठरवले की वर्णभेदाला विरोध हा राजकीय मताचा भाग नसून श्रद्धेच्या कबुलीचा भाग आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक परिषदेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले आणि दक्षिण आफ्रिकेतील दोन गोऱ्या चर्चांचे सदस्यत्व स्थगित केले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील रिफॉर्म्ड परंपरेतच बेलहारचा कबुलीजबाब हा श्रद्धेचा जाहीरनामा लिहिला गेला. चार वर्षांनी तो स्वीकारला गेला. एकी, समेट आणि न्याय यांवर तो बोलतो. स्त्रियांचा प्रश्न तो वेगळा काढत नाही. धलोमोची मालिका त्याच वर्षाची, आणि रोर्क्स ड्रिफ्टचा ललितकला विभाग बंद पडला तोही १९८२ मध्येच. स्त्रियांचे माग त्यानंतरही चालू राहिले.